तोंड घासून तपासणीला

सारजामावशी ‘तंबाखू’ हा शब्द बोलायची नाही, फेकायची. ‘तं’वर आवाज चढवायचा, ‘बा’ लांबवायचा आणि ‘खू’ म्हणताना ओठ असे पुढं काढायचे, की समोरच्यानं न सांगता आपलं तोंड पुसावं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत कुणीही हा शब्द तसा म्हणून दाखवला, तर नक्कल कुणाची ते विचारावं लागत नाही.

मावशीचं माहेर देवगाव रंगारीचं. लग्न होऊन शहरात आली तेव्हा सांडूकाका, म्हणजे तिचा नवरा, एका कारखान्यावर वॉचमन होते. ते दिवसपाळीला गेले की मावशीला घर खायला उठायचं. म्हणून तिनं चौकात गोणपाट अंथरलं आणि पालेभाजी विकायला बसली. ती अजून तिथंच बसते. शेपू, चुका, अंबाडी, करडई. गिऱ्हाईक रेंगाळलं की तिचं सुरू व्हायचं.

“शेपू न्या वो ताई, पोट साफ ऱ्हातं.”

“आमच्याकडं आवडत नाही कुणाला.”

“आवडाया तो काय पिच्चर हाय का? खायाचा असतो.”

घरी मात्र मावशीच्या ताटात बटाटा, वाटलेली मिरची आणि लोणचं. उरलेल्या जुड्या मागच्या गल्लीतल्या शेळीला. कुणी विचारलं तर म्हणायची, “दिसभर त्याच्यातच बसायचं आन् रातच्याला बी तेच खायाचं व्हय?”

तंबाखूवर तिचा राग जुना होता. सांडूकाकांची एक चंची होती, लाल कापडाची, दोन कप्प्यांची. एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. ते मळायला बसले की घर विसरायचे. एकदा मेहुणे पाहुणे आलेले असताना मावशीनं ती चंची त्यांच्या हातातून उचलली, दाराबाहेर गेली आणि नालीत सोडली. मेहुण्यांसमोर. तेव्हापासून काका बडीशेप चघळतात. गल्लीत मावशीचा दबदबा झाला तो तिथून.

तिचं खरं गिऱ्हाईक होतं कमरोद्दीन. शेजारच्या घरातला, रिक्षा चालवणारा. त्याच्या गालात सदा गुटख्याचा तोबरा. बंदी आली तरी त्याला कुठून मिळायचा ते तोच जाणे. बोलताना रस सांडू नये म्हणून हनुवटी आभाळाकडं करायची आणि ओठ न हलवता बोलायचं. “औ औही, अल हे ओड ओऊंगा.” हौ मौसी, कल से छोड दूंगा. गल्लीला हे भाषांतराशिवाय कळायचं.

“कालबी उद्याच म्हणलास,” मावशी म्हणायची. आणि त्याच्या पोरांसमोर, “बापाचं तोंड बघा. गटार हाय गटार.”

कमरोद्दीन हसायचा. पण रिक्षा जरा जास्तच जोरात सुरू करायचा.

आता मिसरीचं सांगायला पाहिजे.

दर पंधरवड्याला मावशी परसात चूल पेटवायची, एक फुटका तवा चढवायची आणि त्यावर काळं, जाड पान टाकून जळेपर्यंत भाजायची. त्या धुरानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाचं माणूस शिंकत उठायचं. मग ते जळकं पान वाटून, चाळून, पत्र्याच्या छोट्या डबीत भरायचं. सकाळी उठलं की बोटावर घेऊन हिरड्यांवर घासत बसायचं, तोंड भरून थुंकी, पदर खोचलेला, आणि तशा तोंडानं गल्लीतल्या बायांशी बोलणं. मिसरी लावल्याशिवाय मावशीचं पोट मोकळं होत नसे. हे ती सगळ्यांना सांगायची, त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटायचं नाही. दात घासणं ते. देवगावात तिची आई लावायची, आजी लावायची, आणि तिच्या हिरड्यांना पहिल्यांदा लावली तेव्हा ती परकरी होती.

एकदा गल्लीतल्या वच्छलाबाईनं विचारलं होतं, “सारजाबाई, हे पान तंबाखूचंच ना पण?”

मावशीला तो प्रश्न बावळटपणाचा वाटला. “जळल्यावर काय ऱ्हातं त्यात? राख. राखंला कधी नशा असती व्हय?”

वच्छलाबाईला उत्तर पटलं. गल्लीलाही पटलं. मावशीच्या हातची मिसरी बारीक, चुलीवरची, म्हणून बाया डब्या घेऊन यायच्या. त्यात एक डबी वहिदाची.

वहिदा कमरोद्दीनची बायको. घरीच शिवणकाम करते, साड्यांना फॉल लावते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली होती, बाळ मांडीवर आणि ही गाल धरून रडतेय. डॉक्टरकडं न्यायला कमरोद्दीन गावात नव्हता. मावशीनं आपली डबी उघडली. “जरा लाव. बघ कसं शांत हुतं.” शांत झालं. दुसऱ्या दिवशी परत लावली, तिसऱ्या दिवशी दाढ दुखत नसतानाही. मग वहिदाची स्वतःची डबी आली, शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या मागं. कमरोद्दीनला ती दाताचं मंजन म्हणून सांगायची. मावशीला यात एक गंमत वाटायची, दोघींचं काहीतरी आहे जे त्या गटाराला माहीत नाही.

तर त्या वर्षी समाजमंदिरात तोंडाच्या कॅन्सरची मोफत तपासणी ठरली. रिक्षावरचा भोंगा गल्लीतून ओरडत गेला आणि मावशीनं ते काम घरचं लग्न असल्यासारखं अंगावर घेतलं. दारोदार फिरली. “तुमचा बद्रीनाथ खातो ना? पाठवा. नाय आला तर मी नेते कानाला धरून.” कमरोद्दीनला तिनं रिक्षाच्या दांडीला धरून कबूल करवलं. त्यानं हनुवटी वर करून कबूल केलं.

वहिदा दारात उभी होती. “मौसी, मैं भी आऊं क्या? वो मुंह में जरा…”

“तू कशाला? तंबाखू खाणाऱ्यांचं हाय ते,” मावशी म्हणाली. “बाईमाणसानं चार गड्यांत जाऊन तोंड वासायचं व्हय?”

“नै, मिरची बहोत लगरी इनो दिनां…”

“उष्णता हाय. सब्जा भिजवून पी.”

वहिदा आत गेली. मावशी पुढच्या दारी गेली.

तपासणीच्या सकाळी समाजमंदिरात सतरंजीवर पुरुष बसले होते, आणि कुणी पहिलं उठेना. समोर खुर्ची, खुर्चीशेजारी एक तरुण डॉक्टरीणबाई, हातात बॅटरी आणि लाकडी पट्टी. भाषा शुद्ध, आवाज हळू. कमरोद्दीन चप्पल घालून परत निघण्याच्या बेतात होता. मावशीनं त्याला पकडलं.

“बस खाली. लाजतोस काय नव्या नवरीवानी? बघ, मी बसते. तोंड कसं वासायचं ते बघ.” आणि पदर सावरून ती खुर्चीत बसली. “बघा वो डॉक्टरीणबाई माझं. आत्ताच दोनदा घासून आलेय. आरसा हाय आरसा. ह्यांना दावा.”

सगळे पुढं सरकून बघायला लागले.

“मावशी, तंबाखू?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“तं-बा-खू,” मावशी म्हणाली, ओठ पुढं काढून. “ह्या तोंडाला शिवली नाय.”

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात कापूस धरला, खालच्या हिरडीवरून फिरवला आणि बाहेर काढला. कापूस काळा. त्यांनी दुसरा घेतला. तोही काळा.

“मग हे काय आहे?”

“हे व्हय? मिसरी.” कुणी पेस्ट म्हणावं तसं.

“मिसरी कशाची करतात, मावशी?”

“पानाची.”

“कसल्या पानाची?”

त्या चिडवत नव्हत्या. तोच वाईट भाग होता. खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या. मावशीनं राखेचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मागच्या ओळीतून सांडूकाकांचा आवाज आला, अगदी साधा.

“सांग की, सारजे.”

मावशीनं पदर तोंडावर घेतला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जाळल्यानं तंबाखूतलं विष जात नाही, मावशी. उलट तुम्ही ते थेट हिरडीवर घासता. तंबाखूच आहे ही. आता सांगा, तोंडात पांढरा चट्टा आलाय का? न भरणारी जखम? तिखट झोंबतं का?”

पहिल्या दोन प्रश्नांना मावशी मान हलवत होती. तिसऱ्याला मान थांबली. ती उठली. “तुमचं तोंड आज ठीक दिसतंय, घाबरू नका, पण हे बंद करा,” असं डॉक्टरीणबाई मागून सांगत होत्या. पण मावशी दारातून गेली होती, आणि तिच्या चपला समाजमंदिराच्या पायरीवर तशाच राहिल्या होत्या. त्या कमरोद्दीननं आणून दिल्या. दारात ठेवताना हनुवटी वर करून मोठ्यानं म्हणाला, “आईना यहां रख दूं क्या, मौसी?”

चौकातली गोणपाटाची जागा रिकामी राहिली. गिऱ्हाइकं विचारायची, भाजीवाल्या बाई आजारी आहेत का, आणि गल्लीतलं कुणीतरी कापूस हिरडीवरून फिरवल्याची खूण करायचं. कमरोद्दीन रोज सकाळी रिक्षाचा आरसा पुसायचा आणि मावशीच्या दाराकडं वळवून धरायचा. इतकी वर्षं गटार ऐकलेल्या माणसाला सूट असते, असं गल्लीचं मत पडलं.

घरात सांडूकाकांनी एकदाच तोंड उघडलं. “माझी चंची कोणत्या नालीत टाकली व्हतीस, आठवतं का? डबी बी तिथंच टाकू. बहिणी-बहिणी हायत्या.”

डबी गेली. मावशीला मिसरीवाचून मोकळं होईना. डोकं धरून बसायची, भांडी आपटायची. काकांनी करडईची एक जुडी आणली, चिरली, लसूण घालून केली आणि भाकरीशेजारी वाढली.

“काय हे?”

“चौकात लोकांला सांगतीस ते खोटं व्हतं का?”

मावशीनं खाल्ली. खाली मान घालून खाल्ली. दुसऱ्या दिवशी शेपू. नंतर तिनंच सांगितलं, की ती भाजी घशाखाली उतरत होती ती चवीनं नाही, लाजेनं. पोट मात्र हळूहळू वळणावर आलं.

पण लाज गल्ली हसली त्याची नव्हती. ते गल्लीला वाटत होतं. मावशी आतून कडी लावून बसायची ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. आणि ती गोष्ट एका दुपारी स्वतःच्या पायानं चालत दारात आली.

“मौसी, डबी खतम हुई,” वहिदा बाहेरून म्हणाली. “अब के भुने नै क्या?”

मावशी दाराच्या आत उभी राहिली. कडी काढली नाही.

“नाय भाजली.”

“लोगां बोलते तो बोलने देव, मौसी. तुम कायकू दिल पे लेते? मैं दुकान से लेलेती तब तक.”

एवढंच सांगायचं होतं: लावू नको, तोंड दाखव. चार शब्द. मावशीनं कडीला हात लावला आणि परत घेतला. वहिदाच्या पायातल्या पैंजणांचा आवाज लांब गेला. खिडकीच्या फटीतून मावशीनं पाहिलं, वहिदा आपल्या उंबऱ्यावर बसली, तिच्या पोरीनं ठेचा-भाकरी पुढं केली, वहिदानं ठेचा बाजूला सारला आणि नुसती भाकरी चहात कुस्करून, हळूहळू, एकाच बाजूनं चावून खाल्ली. हीच वहिदा पूर्वी मावशीच्या मिरचीत आणखी मीठ घालून नुसती चाटायची.

“तिला सांगाया पायजे,” मावशी म्हणाली.

“मग जा की,” काका म्हणाले.

“तो घरी असंल. त्याला ठावं नाय. त्याच्या तोंडाला मी गटार म्हणले आन् त्याच्याच घरात… कोणत्या तोंडानं जाऊ?”

काकांनी बडीशेप तोंडात टाकली. “हाय ते एकच हाय. तेच घेऊन जा.”

मावशी कोनाड्यातली बॅटरी घेऊन निघाली. दिवस अजून मावळायचा होता, आणि कमरोद्दीन दारापुढं रिक्षा धूत होता. गल्लीतले दोघे-तिघे आपोआप बाहेर आले.

“आव मौसी,” तो हनुवटी वर करून म्हणाला. “आईना लाए क्या?”

“व्हय, आणलाय,” मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता, की ऐकायला लोकांना जवळ यावं लागलं. “कमरोद्दीन, तुझ्या बायकोला मिसरी मी लावली. बाळंतपणात दाढ दुखत व्हती तवा. मंजन नाय ते. तंबाखू हाय. तिला तिखट झोंबतंय, तिनं मला सांगितलं व्हतं, मी तिला सब्जा पी म्हणले. तुला जे म्हणायचं ते मागून म्हण. आधी तिला दवाखान्यात ने.”

कमरोद्दीनच्या हातातला पाण्याचा मग तसाच राहिला. मग तो नालीपाशी गेला आणि तोंडातलं सगळं थुंकून आला. पहिल्यांदा त्याचा स्वच्छ आवाज गल्लीनं ऐकला. तो बारीक होता.

“वहिदा. ये क्या बोलरे मौसी?”

वहिदा दारात आली, मावशीकडं बघितलं, मग खाली. “कुछ नै. दांत का मंजन है वो.”

“मी बी असंच म्हणले व्हते,” मावशी म्हणाली. “समद्या गड्यांपुढं.”

ती त्यांच्या पायरीवर बसली, पदर बाजूला केला, बॅटरी पेटवून स्वतःच्या तोंडाशी धरली आणि जबडा वासला. बोटानं खालचा ओठ खाली ओढला. कोळशाच्या रंगाच्या हिरड्या. बघणाऱ्यांनी माना वळवल्या. कुणी हसलं नाही. हसायला काहीतरी लागतं, ते तिथं नव्हतं. मावशी तशीच बसून राहिली, उघड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी आलेलं, लाळ हनुवटीवर. मग बॅटरी वहिदाकडं धरली.

“आता तुझं दाव, बाई.”

वहिदानं गल्लीकडं पाठ केली आणि मावशीपुरतं तोंड उघडलं. खालच्या ओठाच्या आत, मिसरीचं बोट रोज फिरायचं तिथं, दुधाची साय चिकटावी तसा पांढरा चट्टा होता.

कमरोद्दीन म्हणाला, “मेरे मुंह को गटार बोले थे तुम.”

“बोलले व्हते.”

“और मेरे घर में…” पाण्याचा मग उचलून तो रिक्षा धुवायला लागला, एकच चाक, पुन्हा पुन्हा. “सवेरे तैयार रहो. दोनों.”

घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, त्याच डॉक्टरीणबाई बसलेल्या होत्या. मावशीला त्यांनी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. बाकावर बायाच बाया, पदर तोंडाला. मावशी खुर्चीत बसली तेव्हा वहिदा तिच्यामागं उभी होती आणि कमरोद्दीन दाराशी.

“तंबाखू?” डॉक्टरीणबाईंनी कागदाकडं बघत विचारलं.

मावशीनं ‘तं’ चढवला नाही, ‘बा’ लांबवला नाही. “व्हय. मिसरीची. परकर नेसत व्हते तवापासून.” आणि मागं बोट करून म्हणाली, “तिला माझ्यामुळं.”

“मैं भी,” वहिदा म्हणाली.

बाकावरच्या दोन बायांनी एकमेकींकडं बघितलं, आणि एकीनं पदर जरा खाली घेतला.

वहिदाच्या चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंत मावशी चौकात भाजी विकत होती, पण शेपूचा गुण सांगत नव्हती. निकालात वाईट काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वेळेत आलात. मिसरी सुटली तर हा चट्टा बहुतेक कमी होईल, पण दाखवत राहायचं. सुपारीसुद्धा नको. रोज पालेभाजी, पेरू-मोसंबीसारखं एखादं फळ, भाकरी, थोडं चालणं. यानं धोका कमी होतो. होणारच नाही असं लिहून मी देऊ शकत नाही. घरी पालेभाजी असते का?”

वहिदानं मावशीकडं बघितलं. मावशीनं जमिनीकडं.

“आता असती,” मावशी म्हणाली.

आता रोज उरलेल्या जुड्यांतली एक शेजारच्या घरात जाते, आणि शेळीवाल्या बाईची मावशीवर नाराजी आहे. गल्लीतल्या बाया डब्या घेऊन येतात तेव्हा मावशी त्यांना आत बसवते आणि दार लावून घेते; डब्या रिकाम्याच परत जातात. आत काय बोलणं होतं ते बाहेर ऐकू येत नाही, हे मला सगळ्यात जड जातं.

कमरोद्दीनचं सुटलेलं नाही. चार दिवस सुटतं, पाचव्या दिवशी हनुवटी परत वर जाते. तशा हनुवटीनं तो चौकात रिक्षा थांबवतो. मावशी गोणपाटावरून त्याच्याकडं बघते. गटार हा शब्द तिनं त्या दिवसापासून उच्चारलेला नाही.

“कमरोद्दीन, तोंड दाव.”

“अहले उम,” तो म्हणतो. पहले तुम.

आणि मावशी भर चौकात, गिऱ्हाइकं उभी असताना, शेपूची जुडी खाली ठेवते, पदर बाजूला करते आणि आधी आपलं तोंड उघडते. हिरड्यांचा काळा रंग काही गेलेला नाही.